दीड सेकंद उशिराचा आवाज

आमचे मालक दीड सेकंद उशिरा बोलायला लागले, आणि लग्नाला तेहतीस वर्षं झाल्यावर मला आमच्या घरात पहिल्यांदा माझं वाक्य पुरं करता आलं.

हसू नका, खरं सांगतेय. हिंदुराव मगदूम म्हटलं की कोल्हापूर-सांगलीचा कुस्तीशौकीन आजही कान टवकारतो. तीस वर्षं त्यांनी मैदानात माईक धरला. आखाड्याच्या मातीच्या हौद्यात दोन गडी भिडले की ह्यांचं तोंड सुटायचं ते निकाल लागल्यावरच मिटायचं. डावाचं नाव, गड्याचं गाव, वस्तादाचं नाव, वस्तादाच्या वस्तादाचं नाव, सगळं एका दमात. आणि घरात तरी काय वेगळं? मी "आज आमटीत" म्हणेपर्यंत हे "मीठ कमी हाय" म्हणून मोकळे.

मी छाया. वडगाव रस्त्याला माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची जळकी मोटर आणून टाका, आतली तार काढून नवी भरून देते. दुकान सासऱ्यांचं. मालकांना त्यात कधी गोडी नव्हती, मला पहिल्या दिवसापासून होती. त्यामुळे वॅट म्हणजे काय आणि उष्णतेनं काय काय जळतं, हे मला कुणी शिकवायला लागत नाही.

२०३९ साली मालकांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढलं. जीव वाचला, आवाज गेला. दोन वर्षं हा बडबड्या माणूस माझ्या दुकानात स्टुलावर बसून नुसता रस्ता बघायचा. मैदानाची पत्रिका आली की न वाचताच गादीखाली सारायचा. ओठ हलायचे, आवाज नाही. मी ओठ वाचायला शिकले. न शिकून सांगते कुणाला? ज्या बडबडीला मी आयुष्यभर कावले, तिच्याशिवाय मला जेवण जात नव्हतं.

मग तस्लीम आली. तस्लीम मुजावर, कोल्हापुरात एका प्रयोगशाळेत संशोधन करते. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून तिनं मालकांचं समालोचन ऐकलं होतं. तिनं टेबलावर एक पेटी ठेवली, शिलाई मशीनच्या झाकणाएवढी, आणि मालकांच्या हनुवटीखाली चार पातळ पट्ट्या चिकटवल्या.

"काकी, स्वरयंत्र काढलं तरी मेंदू बोलायचा हुकूम सोडत नाही," ती म्हणाली. "जिभेला, जबड्याला, घशाच्या स्नायूंना हुकूम जातोच. स्नायू आकसला की तिथं बारीकशी वीज उठते. ती ह्या पट्ट्या पकडतात. कुठल्या खुणेला कुठला शब्द, ते पेटी ओळखते आणि काकांच्या आवाजात बोलते. आवाज कुठून आणला विचारा की! लोकांच्या फोनमध्ये तीस वर्षांची मैदानं रेकॉर्ड आहेत."

मालकांनी माझ्याकडं बघितलं. ओठ हलले. पेटी गप्प. आणि मग, दोन वर्षांनी, त्यांचाच तो जरासा खरखरीत आवाज आला, "...वाळलीस गं."

ओठांवरून मला कळलं होतं, ते "किती वाळलीस गं" म्हणाले होते. 'किती' पेटीनं गिळला. मी हातातली तार खाली टाकली आणि ढसाढसा रडले.

पण तो गिळलेला शब्द काही माझ्या डोक्यातून जाईना. दर वेळी पहिला शब्द जायचा. "छाया, च्या ठेव" मधलं 'छाया' गायब, नुसतं "च्या ठेव". ही काय बोलायची रीत झाली? मी तस्लीमला फोन लावला.

तिनं सांगितलं त्यातलं मला समजलं ते असं. पेटीत एक ग्राफिक्स कार्ड आहे. मुळात ही कार्डं पडद्यावरच्या खेळातली चित्रं रंगवायला बनवलेली. हजारो बारकी गणितं एकदम सोडवतात, म्हणून आवाज ओळखायलाही तीच लागतात. पण कार्ड वीज खातं आणि तापतं. आमचं घर सौरपॅनेलच्या बॅटरीवर, म्हणून तस्लीमनं त्याला मोकळीक दिली होती की काम नसेल तेव्हा झोप. मालक गप्प बसले की कार्ड डुलकी काढायचं, आणि हे बोलायला लागले की जागं होईपर्यंत एक शब्द निसटायचा.

पेटीत लिनक्स होतं. ते मला आवडलं, कारण त्यात काही झाकून ठेवलेलं नसतं. कार्डानं झोपायचं की नाही ती एक फाइल, आत एकच शब्द, 'ऑटो'. तो खोडून 'ऑन' लिहिलं की कार्ड जागं. किती वॅट खायचे ती दुसरी फाइल, आत एक आकडा. तो मात्र मायक्रोवॅटमध्ये. एकशे वीस वॅट द्यायचे तर एकशे वीसच्या पुढं सहा शून्यं. पहिल्या वेळी मी एक शून्य कमी टाकलं, तर पेटीनं सरळ नाही म्हणून सांगितलं. आमच्या घरात माझ्या तोंडावर नाही म्हणणारं ते दुसरंच. शिवाय पेटी बंद करून चालू केली की लिहिलेलं सगळं विसरायची, मग सुरू होतानाच आकडा भरणारी चार ओळींची यादी मी तस्लीमकडून लिहून घेतली.

पहिला शब्द परत आला. उरला तो दीड सेकंद. तो काही वॅटनं जात नाही. एका खुणेवरून पेटीला शब्दाची खात्री पटत नाही, पुढची-मागची खूण बघून मगच ती तोंड उघडते. म्हणजे मालक बोलणार, आणि दीड सेकंदानं आवाज येणार.

घरात ह्याचा त्रास तर नाहीच, चैन झाली. मी बोलत असताना ह्यांनी मध्येच तोंड घातलं, तर आवाज येईपर्यंत माझं बोलून झालेलं असायचं. मग बिचारे थांबायला लागले. ऐकायला लागले. एकदा संध्याकाळी म्हणाले, "आज त्या साडेसात हॉर्सपॉवरच्या मोटरीचं काय झालं?" तेहतीस वर्षांत त्यांनी माझ्या दुकानातल्या एखाद्या मोटरीची चौकशी केली असेल तर शपथ. मी अर्धा तास सांगत होते. हे ऐकत होते.

एवढ्यावर सगळं सुखात होतं. तेवढ्यात बाबासो चौगुले आले.

बाबासो म्हणजे आमच्या बिरोबाच्या यात्रा कमिटीचे अध्यक्ष. माणूस दिलदार, पण काही सुचलं की आवरत नाही. चहाचा कप हातात घेतला आणि म्हणाले, "वस्ताद, औंदा मैदानाला तुमचा आवाज पायजे. पत्रिकेत नाव छापायला टाकलंय."

मालक कधी नव्हे ते गोरेमोरे झाले. मग म्हणाले, "न्हाई जमायचं, बाबासो. गडी पट काढून मोकळा हुणार, आन मी मागनं सांगणार 'पट काढला'? वरातीमागनं घोडं. लोक हासत्याल."

बाबासो गेल्यावर त्यांनी गादीखालच्या जुन्या पत्रिका बाहेर काढल्या. त्या रात्री जेवताना घास हातात धरून मला म्हणाले, "छाया, मला जायचंय गं." एवढंच. मी दुसऱ्या दिवशी तस्लीमला बोलावून घेतलं.

तिच्याकडं उपाय तयार होता. "काकी, कार्डाला तीनशे वॅट द्या. दोनशेच्या वर गेलं की आत आणखी एक प्रोग्रॅम चालायला जागा होते. त्याचं नाव अंदाज. तो काकांची तीस वर्षांची समालोचनं ऐकून शिकलाय. वेगळ्या बारक्या कॅमेऱ्यातून कुस्ती बघून, काका पुढं काय म्हणणार ते तो आधीच ओळखतो आणि म्हणून टाकतो. खुणांची वाटच बघत नाही. उशीर शून्य."

तीनच्या पुढं आठ शून्यं. पंखा घोंघावायला लागला. मोबाइलवर गेल्या वर्षीची एक कुस्ती लावली, मालकांनी न बघितलेली. आणि अहाहा! काय सांगू तुम्हाला! "घेतला कब्जा! आता घुटना ठेवतोय मानेवर, जागा सोडू नको लेका!" तोच आवाज, तीच झेप, क्षणाचाही उशीर नाही. मालकांचे डोळे लहान पोरासारखे चमकत होते. तस्लीमनं टाळी वाजवली.

मी मात्र सवयीनं ओठ बघत होते. कुस्तीच्या शेवटी पेटी म्हणाली, "आईच्या दुधाचं सोनं केलंस रं वाघा!" मालकांचे ओठ मिटलेले होते.

"हे तुम्ही बोललासा?" मी विचारलं.

त्यांनी नजर चुकवली. पेटी म्हणाली, "बोलणारच हुतो."

"मी काय इचारलं? बोललासा का?"

"आगं, माझंच वाक्य हाय ते. शंभरदा म्हणलोय."

"काकी, अंदाज त्यांच्याच बोलण्यातून शिकलाय," तस्लीम म्हणाली. "एका अर्थानं तेच बोलतात."

"माझ्या सासऱ्यांचं दुकान मी चालवते. म्हणून मी सासरे झाले का?"

तस्लीम हसली. मालक उठले, कपाटातून फेटा काढला आणि आरशासमोर उभे राहिले. दोन वर्षांत हा माणूस आरशासमोर उभा राहिला नव्हता. त्यांनी फेट्याचा पहिला वेढा घेतला. मी काय बोलणार? फेट्याचं दुसरं टोक धरून दिलं.

मैदानाच्या दिवशी दुपारपासून माळावर माणसांचा पूर. तांबडी माती ताक-तेल घालून मऊ केलेली, हलगी कडकडतेय, पोरं झाडांवर चढून बसलीत. स्टेजवर मालक, शेजारी टेबलावर लाउडस्पीकरला जोडलेली पेटी, मागं खुर्चीत मी आणि तस्लीम. स्क्रीनवर कार्डाचं तापमान दिसत होतं, बहात्तर अंश. ठीक.

मालकांनी जुन्या सवयीनं माईकजवळ तोंड नेलं. "राम राम मंडळी! हिंदुराव मगदूम बोलतोय!"

पाच-सहा हजार माणसं उभी राहिली. कुणी शिट्ट्या मारल्या, कुणी फेटे उडवले. एक म्हातारा डोळे पुसत होता. मी मनात म्हटलं, जाऊ दे बाई, कोण बोलतं ह्याचा हिशेब करायचा हा दिवस आहे का? पहिल्या दहा-बारा कुस्त्या अशा झाल्या की मालकांची जुनी मैदानं फिकी पडावीत.

मग जनरेटरवाला ओरडत आला, दिव्यांची लाइन उडत होती. वायरमन कुठंतरी जत्रेत गायब. मी पान्हा घेऊन गेले. न्यूट्रल सैल झाली होती, ती आवळण्यात पंधरा-वीस मिनिटं गेली. तिथून मला समालोचन ऐकू येत होतं. मुलींची कुस्ती लागली होती, मुरगूडच्या समृद्धी लोहारची, समोरची जोड हरियाणाची. समृद्धी अंगानं बारकी, पण गेली दोन वर्षं तिचं नाव गाजत होतं. आवाज चढत गेला, "ढाक लावली! उचलली! आणि... चितपट! अस्मान दाखवलं!" हलगीवाल्यानं निकालाचा ठेका धरला. आणि तेवढ्यात पंचांची शिट्टी, एकदा, दोनदा, तीनदा. माळभर गोंधळ उठला.

मी पळत स्टेजवर आले आणि पेटीकडं बघून माझा पारा चढला. पेटीला भरजरी शाल गुंडाळलेली. वरती कोल्हापुरी फेटा. पंख्याच्या तोंडावर झेंडूचा हार. समोर श्रीफळ. मी नसताना बाबासोंनी पेटीचा सत्कार केला होता! तस्लीम नको नको म्हणत होती म्हणे, तर तिलाही एक शाल घालून खुर्चीत बसवली.

"बाबासो! अवो हे काय केलंसा?"

"वैनी, एवढा मोठा पाव्हणा स्टेजवर, आन शाल घालायची न्हाई?"

"पाव्हण्याला शंभर अंश ताप चढलाय की!"

मी शाल ओढून काढली. आतून गरम व्हार्निशचा वास आला. तो वास मी झोपेतही ओळखते, मोटर जळायच्या आधी येतो तोच. झालं होतं ते असं. तापलं की कार्ड स्वतःला वाचवायला आपोआप मंदावतं. कागदावर तीनशे वॅट, म्हणून अंदाज चालूच; खाणार मात्र जेमतेम शंभर. मग घशाच्या खुणा ओळखून अंदाजाला लगाम घालायचं जड काम मागं पडत गेलं, आणि अंदाजाला खुणा लागतातच कुठं? तो आपला एकटाच बोलत सुटला. त्याच्या तीस वर्षांच्या शिकवणीत ढाकेच्या डावावर उचललेला गडी चितपटच होतो. समृद्धी झाली नव्हती. चितपट व्हायला दोन्ही खांदे टेकावे लागतात; तिचा एकच मातीला लागला होता, दुसऱ्या खांद्यावर ती फिरून निसटत होती. पण "चितपट" कानावर पडलं, हलगी वाजली, आणि पोरीनं अंग सोडलं. तिला वाटलं, संपलं.

पंच शहाणे, त्यांनी कुस्ती परत उभ्यानं लावली. पण निसटायची आलेली संधी गेली ती गेलीच. वेळ संपल्यावर कुस्ती बरोबरीत सोडवली. हौद्यातून बाहेर पडताना समृद्धीनं एकदा मान वर करून स्टेजकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं वाटलं असतं.

मालकांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी माईक बाजूला ठेवला आणि माझ्याकडं वळून नुसते ओठ हलवले, "मी न्हाई म्हणलो."

"मला ठावं हाय."

"तिला न्हाई ठावं."

आता राहिली होती शेवटची मोठी कुस्ती, जोतीराम खोत आणि पंजाबचा गुरमीत. बाबासो हात जोडून उभे, "वस्ताद, चुकलं माझं. पर आता थांबू नका. हजारो लोक तुमच्या आवाजासाठी बसल्यात."

तस्लीमनं स्क्रीन बघितला. "पाच-सात मिनिटांत कार्ड थंड होईल. आता वाट मोकळी आहे, परत तीनशेवर चालेल. असं पुन्हा नाही व्हायचं, काका."

खरंच नसतं झालं. ती खोटं बोलणारी पोरगी नाही. मालकांनी तिच्याकडं बघितलं, मैदानाकडं बघितलं. मग मला ओठांनी म्हणाले, "उतरव."

"किती?"

"घरातल्यागत."

"दीड सेकंद उशीर हुईल."

"व्हऊ दे."

मी बसले. बोटानं शून्यं मोजत लिहिलं, एकशे वीस आणि पुढं सहा. पंख्याची घरघर उतरली. तस्लीमनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

मालकांनी माईक घेतला. ओठ हलले आणि थांबले. माळ वाट बघत राहिला. मग आवाज आला, सावकाश, एकेक शब्द सुटा. "मघाशी... चितपट म्हणलं ते ह्या पेटीनं. पर माईक माझ्या हातात हुता. चूक माझी. समृद्धी, पोरी, मला माफ कर. आता उशिरा बोलीन, पर मीच बोलीन."

गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं. मला वाटलं, झालं, लोक आता उठून चालू लागणार.

कुस्ती लागली. सलामी झाली, खडाखडी सुरू झाली. पहिल्याच मिनिटाला गुरमीतनं पट काढायचा प्रयत्न केला, खोतनं पाय मागं घेतला, सगळं आटोपलं आणि मग आवाज आला, "पट... पाय वाचवला." लोक हसले. मालकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी खाली कीबोर्डकडं बघितलं. तीनच्या पुढं आठ शून्यं, दोन सेकंदांचं काम. पण "उतरव" म्हणणारे ते होते, मी नाही. हात मांडीवर घट्ट धरून बसले.

मग मी पुन्हा त्यांच्या ओठांकडं बघितलं. ते गड्यांच्या हातांकडं बघत नव्हतेच. पायांकडं बघत होते. आणि ओठ म्हणाले, "कब्जा." हौद्यात तर अजून काहीच नव्हतं, दोघं नुसते मान पकडून उभे. मग खोतची टाच मातीत वळली, तो गुरमीतच्या बगलेतून गर्रकन मागं गेला, आणि त्याचा हात कमरेला पडायला आणि मालकांचा आवाज यायला एकच गाठ पडली, "कब्जा!"

माळ चमकला. मी तर उभीच राहिले. अहो, हा माणूस दीड सेकंद आधी बोलत होता! तीस वर्षं ज्यानं टाचा आणि खांदे बघितले, त्याला डाव पडायच्या आधीच दिसत होता. आजवर कधी आधी बोलायची गरजच पडली नव्हती. त्या मैदानात फक्त मला कुस्ती दोनदा दिसत होती, आधी मालकांच्या ओठांवर, मग मातीत.

"हप्ता भरला!" भरला. "मोळी बांधतोय!" बांधली. हलगीवाला भान विसरून वाजवायला लागला.

आणि मग ते चुकले. ओठ म्हणाले "घिस्सा", आणि खोतनं घिस्सा मारलाच नाही, तो नुसता दम खात बसला. रिकाम्या हवेत आवाज आला, "घिस्सा!" मालक थांबले. दीड सेकंद गेला, आणखी दीड गेला.

"चुकलो," आवाज आला. "माझा अंदाज हुता. खोतनं मला फशीवलं."

असा हशा उठला, आणि हशातूनच टाळ्या! म्हातारेकोतारे मांडीवर थापा मारत होते. हौद्यात खोतसुद्धा हसला. त्या अंदाज प्रोग्रॅमनंही अंदाजच केला होता, मान्य आहे. पण तो चुकला तेव्हा "चुकलो" म्हणायला तिथं कुणी नव्हतं.

सतरावं मिनिट. खोतनं गुरमीतला ढाकेवर घेतलं. उचललं. मी मालकांच्या ओठांकडं बघितलं, आता म्हणतील, आता म्हणतील. सगळा माळ श्वास धरून होता. गुरमीतची पाठ खाली येत होती, मला दिसत होतं, कुणालाही दिसलं असतं.

ओठ मिटलेले.

पाठ मातीवर आदळली. एक खांदा टेकला. ओठ मिटलेलेच. दुसरा खांदा टेकला. पंच खाली वाकले, मातीला गाल लावून त्यांनी बघितलं आणि हात वर केला. मैदान फुटलं, माणसं ओरडत हौद्याकडं धावली. मालकांनी वाकून दोन्ही खांदे स्वतःच्या डोळ्यांनी बघितले, पंचांचा हात बघितला, आणि मग कुठं त्यांचे ओठ हलले.

एवढ्या आरड्याओरड्यात कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं हात वर करून मागच्यांना गप्प केलं. मागच्यांनी त्यांच्या मागच्यांना. धावणारी माणसं जागच्या जागी थांबली आणि स्टेजकडं बघायला लागली. सगळ्यांना निकाल ठाऊक होता. तरी पाच-सहा हजार माणसं माझ्या नवऱ्याच्या शब्दासाठी उभी होती.

"चितपट," मालक म्हणाले.

आणि मैदान दुसऱ्यांदा फुटलं, पहिल्यापेक्षा मोठ्यानं. तस्लीम मला हलवून काहीतरी सांगत होती, कार्डाचं तापमान किती उतरलंय बघा म्हणत होती. मी स्क्रीनकडं वळले, पण डोळे एवढे भरले होते की मला आकडाच दिसेना.